कोपराची जागा

रंगात बुडवून पिळलेला बनियनचा तुकडा लाकडावरून तिसऱ्यांदा फिरला आणि वरच्या कडेशी, बेस गिटार वाजवताना उजवा हात जिथं टेकतो नेमक्या त्या जागी, एक फिकट चौकोन तसाच राहिला. आधी तिला वाटलं, आपला हात चुकला. एखादी जागा राहून जाते, भिंती रंगवणाऱ्यांचीही राहते. तिनं तुकडा पुन्हा वाटीत बुडवला आणि रेषांच्या दिशेनं, न थांबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. भोवतालचं लाकूड तहानेल्यासारखं रंग प्यालं, अक्रोडाच्या टरफलासारखं तपकिरी झालं, आणि त्यातल्या रेषा ठळक होऊन वर आल्या. चौकोनावर मात्र रंगाचे थेंब झाले. अळवावरच्या पाण्यासारखे ते नुसते उभे राहिले आणि पुसले तसे निघून गेले. चार बोटं रुंद, वीतभर लांब. तीन कोपरे काटकोनात, चौथा जरासा फाटल्यासारखा. गॅलरीत सकाळचं ऊन तिरपं येत होतं, खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता, आणि ती तुकडा हातात धरून त्या चौकोनाकडे बघत राहिली.

ही जागा म्हणजे बाबांच्या कोपराची जागा होती. दोन वर्षांपूर्वी, पहिल्याच रविवारी, दादानं तिचा हात धरून इथं ठेवला होता. "बघ," तो म्हणाला होता, "इथं लाकूड कसं वेगळं लागतंय. रेडिओ दुरुस्त करताना बाबा डावं कोपर इथं टेकवून बसायचे. वीस वर्षं. मिलमध्ये रंधा मारून आणली फळी, तरी गेलं नाही बघ." तिनं बोटं फिरवली होती आणि खरंच, बाकी सगळं लाकूड खरखरीत असताना तेवढा तुकडा गुळगुळीत होता, नव्या साबणासारखा. तिनं वाकून फळीवर गाल टेकवला होता. बाबा गेले तेव्हा ती सात वर्षांची होती आणि दादा सतराचा. तिच्याकडे बाबा म्हणून जे काही होतं ते एका मुठीत मावण्याएवढं होतं: कल्हईसारखा तो सोल्डरचा वास, एक निळा शर्ट, आणि संध्याकाळी हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवायला निघताना जिन्यावरून उतरणारी पावलं. बाबा दिवसा रेडिओ दुरुस्त करत आणि रात्री बेस वाजवत. वाद्य हॉटेलचं होतं. स्वतःचं वाद्य त्यांनी कधी घेतलं नाही. ते गेले आणि दुसऱ्या दिवशी तोच बेस दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात गेला. मागे राहिलं ते टेबल. आईनं त्यावर मेणकापड घातलं, मेणकापडावर शिवणयंत्र ठेवलं आणि चाळीस वर्षं त्याला कुणाला हात लावू दिला नाही. आईही गेली, घर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा तिनं दादाला फोन केला होता. बाकी भांडीकुंडी, कपाटं, काही काही नको, टेबलाची फळी तेवढी मला दे. तिच्या मनात तेव्हाच आकार तयार होता. ज्या लाकडावर बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे रेडिओ बोलते केले, ते लाकूड स्वतः एकदा बोलावं, एवढंच तिला हवं होतं. बाबांना त्यांचा स्वतःचा बेस मिळावा. उशिरा का होईना.

गिटारचा साचा फळीवर ठेवताना तिनं तो मुद्दाम फिरवून ठेवला होता. कोपराची जागा वाजवणाऱ्याच्या हाताखाली यायला हवी. त्यामुळे फळी वाया फार गेली, रेषा जरा तिरप्या आल्या, पण तिनं ते चालवून घेतलं. मग घासणं सुरू झालं. रोज सकाळी, कामावर जायच्या आधी अर्धा तास. त्या अर्ध्या तासात बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही, आणि दिवस चुकवायचा नाही. ताप आला त्या आठवड्यातसुद्धा ती गॅलरीत बसून दहा वेळा तरी पॉलिश पेपर फिरवून आली होती. नेम म्हणजे नेम. आज केलं ते उद्याही करायचं, मन लागो न लागो. मन मागून येतं. आणि घासताना कोपराच्या जागेवर आलं की ती हात उचलून घ्यायची. "इथं हलक्या हातानं," दादानं बजावलं होतं, "बाबांना घासून टाकशील." सगळी फळी तिनं जाड पेपरापासून बारीक पेपरापर्यंत सहा वेळा उतरवली होती. तेवढ्या जागेवर फक्त शेवटचा, सर्वांत बारीक पेपर फिरला होता, तोही लहान बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा.

ती वाटी बाजूला ठेवून उठली, हात धुतले, आणि बोटांच्या पेरांतला तपकिरी रंग तसाच घेऊन घराबाहेर पडली. लाकूडवाल्याचं दुकान रविवारी दुपारपर्यंत उघडं असतं. दोन वर्षांत महिन्यातून एकदा तरी ती तिथं गेली होती, पेपर आणायला, रंगाची पूड आणायला, तेलाची चौकशी करायला. पण ती नेहमी दारातल्या गल्ल्यापाशी थांबायची. आज सरळ आत गेली, जिथं फळ्या भिंतीला टेकवून उभ्या असतात. प्रत्येक फळीवर, टोकापासून हातभर अंतरावर, एक पांढरं लेबल होतं. चार बोटं रुंद, वीतभर लांब. तिनं त्यावर हात ठेवला. ठेवला म्हणजे मोजलंच. लाकूडवाला मागून आला. चष्मा कपाळावर, कानामागे पेन्सिल.

"काय झालं, ताई? रंग चढला की नाही?"

"एका जागी धरत नाही," ती म्हणाली. "चौकोनी."

"मग लेबलाचा गोंद." तो अगदी सहज म्हणाला. "वरून लेबल निघतं, गोंद आत मुरलेला असतो. दिसत नाही. हाताला गुळगुळीत लागतो, तेवढीच खूण. आधी स्पिरिट फिरवायचं होतं, लगेच कळलं असतं. तुम्ही घासलं नाही का तिथं?"

"हलक्या हातानं घासलं."

"का बरं?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते दुकानात देण्यासारखं नव्हतं. लाकूडवाल्यानं चष्मा खाली ओढला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमचे ते भाऊ ना, उंच, एका पायानं जरा लंगडतात? त्यांनीच नेली होती फळी, बहिणीला गिटार करायचीय म्हणून. माझ्या लक्षात आहे, कारण त्यांनी अजब प्रश्न विचारला होता. म्हणाले, चाळीस वर्षांची वाटेल अशी एखादी आहे का? मी म्हटलं, साहेब, लोक माझ्याकडे नवी मागतात." तो हसला. तिला वाटलं आपणही हसलो, कारण त्यानं पुढं विचारलं, तेल देऊ का आज, आणि तिनं हो म्हटलं. "तेलाच्या फडक्यांचे बोळे करून कोपऱ्यात टाकू नका हं," बाटली कागदात गुंडाळताना तो म्हणाला, "आतल्या आत तापतात आणि पेट घेतात. पसरून वाळवायचे." ती बाटली घेऊन बाहेर आली. रस्ता तोच होता, पानांच्या सावल्या तशाच होत्या, कोपऱ्यावरचा चांभार खिळे तोंडात धरून तसाच ठोकत होता. ती मात्र पाऊल टाकण्याआधी जमीन आहे का बघत होती, अंधारात जिना उतरताना बघतात तशी.

तिचं काम खोटे दात करण्याचं. दवाखान्यातून साचे येतात, ती त्यावर दात घडवते, चिनी मातीच्या कॅपा भट्टीतून काढते, त्यांना रंग देते. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवायचा असतो. नमुन्यांच्या पट्टीत सोळा छटा असतात, पण माणसाचे दात त्या सोळांत कधीच बसत नाहीत. तिला लोकांचे चेहरे आठवत नसत, दात आठवत. मुळाशी जरा पिवळट, टोकाला जरा निळसर, मध्ये एक बारीकशी चीर, चहाचा एक फिकट डाग. तो डागसुद्धा ती केसाएवढ्या ब्रशनं काढायची, कारण डाग नसला तर दात खोटा वाटतो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, तुझा दात कुठला ते एक्स-रे काढल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. पंचवीस वर्षं ती या शाबासकीवर जगली होती. खऱ्याच्या पंक्तीत खोटं असं बसवायचं की जिभेलासुद्धा पत्ता लागू नये. आणि तिच्याच घरात, तिच्याच हाताखाली, दोन वर्षं एक खोटं बसवलेलं होतं आणि तिच्या बोटांना पत्ता लागला नव्हता. उलट बोटं त्याच्यावरच थांबायची. दादानं डागही काढला होता, बेट्यानं. त्याला गोंदाचा गुळगुळीतपणा हाताला लागला असेल, आणि त्यानं तिथल्या तिथं बाबांचं कोपर त्यावर टेकवलं असेल. ते सुचायला त्याला किती वेळ लागला असेल? जिना चढेपर्यंतचा?

घरी येऊन ती गिटारपाशी बसली. रंग वाळला होता आणि चौकोन जास्तच उठून दिसत होता. खरं म्हणजे तिला राग फळीचा नव्हता. टेबल गेलं असतं तर गेलं असतं. चाळीस वर्षांच्या जुन्या लाकडाला वाळवी लागते, चिरा पडतात, माणसं ते टाकून देतात. दादानं फोनवर सांगितलं असतं, चिमे, टेबल नाही गं राहिलं, तर ती रडली असती, आठ दिवस अबोला धरला असता, आणि विषय संपला असता. पण रविवार? दोन वर्षांचे रविवार कुठं टाकायचे? आधी दादा तिच्याकडे वर्षातून दोनदा यायचा, तोही घाईत, बूट न काढता. फळी आली आणि तो दर रविवारी चार वाजता यायला लागला. वहिनी डब्यात काहीतरी करून पाठवायची. तो खुर्ची ओढून बसायचा, दुसरा पेपर घ्यायचा, आणि दोघं मिळून घासायची, ती वरची बाजू, तो कडा. आणि घासताना तो बाबा सांगायचा. बाबा सोल्डर टेकवण्याआधी कसे श्वास धरायचे. एका म्हातारीचा रेडिओ दुरुस्त करून दिला तर ती म्हणाली, आता यातला तो जुनाच निवेदक परत लावून द्या. बाबांनी एकदा हॉटेलात पाहुण्यांच्या गोंगाटात मुद्दाम दोन मिनिटं बेस थांबवला, आणि नाचणाऱ्यांचे पाय चुकले, पण का चुकले ते कुणालाच कळलं नाही. "घरी येऊन मला म्हणाले," दादा सांगायचा, "बेस ऐकू येत नाही रे, तो असतो." हे वाक्य तिनं एका कागदावर लिहून कामाच्या टेबलासमोर लावलं होतं. मुठीत मावणारे बाबा दोन वर्षांत ओंजळीत मावेनासे झाले होते. ते हसत होते, चिडत होते, चहात जास्त साखर घालत होते. आणि हे सगळं, एकेक रविवार करून, दुकानातून आणलेल्या एका नव्या फळीवर घासलं जात होतं. "वास येतो ना रे अजून, सोल्डरचा?" एकदा तिनं फळीला नाक लावून विचारलं होतं. "येतो की," दादा म्हणाला होता. तिला तेव्हा खरंच आला होता. त्या आठवणीनं आता तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. फसवणं एक वेळ समजू शकतं. पण तो शेजारी बसून तिला वास घेताना बघत होता.

बशीत तिनं रंग कालवायला घेतला. हे कधी ठरवलं ते तिचं तिला माहीत नव्हतं, हातांनी सवयीनं घेतलं. थोडी अक्रोडी पूड, किंचित काळा, सुईच्या टोकाएवढा लाल, पाण्याऐवजी लाखेचं पातळ द्रावण म्हणजे गोंदावरही धरेल. बारीक ब्रश कामावरून घरी आणलेला होताच. लाकडाच्या रेषा चौकोनाच्या एका बाजूला आत शिरत होत्या आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर निघत होत्या, मधल्या तेवढ्या जोडायच्या. दहा मिनिटांचं काम. वरून तेल लागलं की देवालाही कळणार नाही. दादाला नाही, लाकूडवाल्याला नाही. आणि एकदा झाकलं की सगळं जागच्या जागी राहील: चार वाजता बेल, डबा, खुर्ची ओढल्याचा आवाज, बाबा. नाही झाकलं, तर विचारावं लागेल, आणि विचारलं की उत्तर येईल. उत्तराबरोबर काय काय जाईल याचा तिला अंदाज येईना. तिनं ब्रश रंगात टेकवला, कडेला निथळून घेतला, चौकोनाच्या फाटक्या कोपऱ्यावर धरला. तिनं ब्रश उचलला, पुन्हा धरला. मग तो तसाच बशीवर आडवा ठेवला आणि भिंतीला टेकून बसून राहिली. बशीतला रंग कडेनं सुकत गेला. चार वाजता बेल वाजली.

दादा आत आला तो बूट काढतच. हातात डबा. "तुझ्या वहिनीनं विचारलंय, झालं का बाबांचं टेबल गाणारं की अजून पाळण्यातच आहे? म्हटलं, आज रंगलं असणार." तो गॅलरीत आला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. ती त्याच्या पाठीकडे बघत होती. शर्टाच्या कॉलरवर मानेचे केस आले होते. वहिनीनं कापायला सांगितले असणार आणि त्यानं टाळलं असणार. त्याच्या पाठीत काहीही हललं नाही. मग तो सरळ झाला आणि त्यानं सुस्कारा टाकला, अगदी हवा तेवढा.

"घाम," तो म्हणाला. "बाबांच्या कोपराचा घाम मुरलाय, चिमे. वीस वर्षांचा. तेलकट जागा रंग धरत नाही. बघ, जायला तयार नाहीत आपले बाबा."

किती चांगलं होतं ते. तिला क्षणभर खरंच वाटलं, असंच असेल. लाकूडवाल्याची चूक झाली असेल, उंच आणि लंगडी माणसं काय जगात एकच असतात? मन कसं धावत सुटलं, दार उघडं दिसताच वासरू धावावं तसं, आणि तिनं त्याला कान धरून परत आणलं. बाबांना काय चौकोनी घाम यायचा? ती हे बोलली नाही. तिनं तेलाची बाटली उघडली, एका कापडावर ओतली आणि कापड त्याच्या हातात दिलं.

"आज तेल द्यायचंय. तू दे."

"मी? मला रंगातलं काय कळतं? आणि ती जागा नाही का झाकायची आधी? तू तर झाकशील सहज. तुझ्यासारखं कोण झाकणार." त्याचं लक्ष बशीकडे गेलं. "रंग कालवलाय की."

"तेल दे, दादा."

तो खुर्ची ओढून बसला आणि तेल द्यायला लागला. लाकूड तेलानं उजळत गेलं, तपकिरीच्या आत सोनेरी रंग जागा झाला, रेषा पाण्याखालच्या शेवाळासारख्या हलल्याचा भास झाला. सुंदर होतं. हे तिला कबूल करावं लागलं आणि त्याचाही राग आला. दादाचा हात मोठ्या गोलाईनं फिरत होता, खालची बाजू, कंबर, तारांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपसाठी कोरलेल्या खाचेभोवती, मग वर. वर चौकोनाच्या कडेपर्यंत आला आणि वळला. दुसरा फेरा, पुन्हा कडेपर्यंत, पुन्हा वळला. कापड बरोबर त्या रेषेवरून मागं फिरत होतं, जणू तिथं गरम तवा होता. तिसऱ्या वेळी तिनं श्वास धरला. चौथ्या वेळी सगळी गिटार तेलानं चमकत होती आणि तेवढा चौकोन कोरडा, पांढरट, एकटा उरला होता. तिला आणखी काही ऐकायची गरज नव्हती. पण गरज नसली तरी माणूस विचारतोच.

"टेबल कुठं गेलं?"

त्यानं कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली. खाली रस्त्यावर कुणीतरी बादली पालथी केली होती आणि पाणी गटाराकडे चाललं होतं, ते तो बघत बसला.

"घर रिकामं करायला माणसं लावली होती," शेवटी तो म्हणाला. "मी त्यांना म्हटलं, एका दिवसात सगळं न्या. टेबल दारातून निघेना. त्यांनी मोडून नेलं. मी खालीच उभा होतो. पाय खाली उतरताना बघितले मी, टेबलाचे. बोललो नाही. दमलो होतो गं."

"मग?"

"मग चार दिवसांनी तुझा फोन. बाकी काही नको, फळी तेवढी दे. तू जन्मात कधी काही मागितलं नाहीस माझ्याकडे."

"तेव्हा सांगायचंस."

"पहिल्या रविवारी सांगायचं म्हणूनच आलो होतो. फळी दाखवायची, म्हणायचं, तसलीच आहे, हिच्यातून कर. जिन्यात शंभर वेळा म्हणून बघितलं." तो थांबला. "तू गाल टेकवलास फळीवर. आणि डोळे मिटलेस."

"गाल नंतर टेकवला," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. याचं तिलाच नवल वाटलं. "आधी तू माझा हात धरून तिथं ठेवलास. कोपर आधी आलं."

त्यानं तेलाच्या बाटलीचं बूच लावलं. तेलाचा वास, शेंगदाण्यासारखा, कोंदट, गॅलरीत भरून राहिला.

"वहिनीला माहीत आहे?"

"हो."

त्या 'हो'नं डबाही गेला. दर रविवारी वहिनी फोनवर विचारायची, काय म्हणतंय बाबांचं टेबल, आणि ती उत्साहानं सांगायची, आज दोनशे वीसचा पेपर संपला, वहिनी. पलीकडून वहिनी म्हणायची, हो का. तिचं ते हो का. आता प्रत्येक हो का परत ऐकावा लागणार होता.

"आणि गोष्टी?" तिनं विचारलं. हे विचारायचं नाही असं तिनं दुपारपासून ठरवलं होतं. "म्हातारीचा रेडिओ. नाचणाऱ्यांचे पाय. श्वास धरणं."

"गोष्टी खऱ्या आहेत." त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, आतल्या खोलीत गेली. "बहुतेक."

"बेस ऐकू येत नाही, तो असतो. हे कोण म्हणालं?"

"असंच काहीतरी म्हणायचे ते."

"दादा. असंच काहीतरी, की असं?"

"आता मलाही सांगता येणार नाही, चिमे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तो दोन वर्षांत पहिल्यांदा म्हातारा झाला. "मी इतक्या वेळा सांगितलंय तुला. मला आता ते बाबांच्याच आवाजात ऐकू येतं."

लाकडावरचं तेल हळूहळू ओढ घेत होतं. वेळेवर पुसलं नाही तर चिकट होतं आणि मग घासूनच काढावं लागतं. तिनं कोरडं कापड त्याच्यापुढं केलं. "पूस. आणि त्या जागेवरूनही फिरव आता. तेवढीच कशाला वगळायची." त्यानं फिरवलं. कापडातलं उरलंसुरलं तेल चौकोनावर लागलं, आणि चौकोन नाहीसा तर झाला नाहीच, उलट पंक्तीतल्या एकुलत्या पांढऱ्याशुभ्र दातासारखा चमकायला लागला. दोघांनी मिळून सगळं पुसून काढलं, ती वरची बाजू, तो कडा. सवयच झाली होती. बशीतल्या रंगाचं आता काही काम नव्हतं. तेलावर तो बसत नाही. जाताना दादानं तेलाची फडकी गोळा केली तेव्हा ती म्हणाली, बोळा करू नकोस, पेट घेतात, आणि त्यानं ती एकेक करून कठड्यावर पसरली, लहानपणी आईच्या हाताखाली ओले कपडे वाळत घालायचा तशी, टोकं ओढून. दारात तो बूट घालायला वाकला. नाडी बांधून झाली तरी वाकलेलाच होता.

"पुढच्या रविवारी येऊ नकोस," ती म्हणाली.

"बरं."

आठवडाभर तिनं नेम मोडला नाही. रोज सकाळी अर्धा तास, एक हात तेलाचा, मग कोरडं कापड. घासायचं काही उरलं नव्हतं तरी अर्धा तास ती तिथं बसून राहायची. कामावर समोर लावलेला कागद तिनं बुधवारी काढला आणि गुरुवारी परत लावला, कारण रिकाम्या जागेकडे डोळे जास्त जात होते. डॉक्टरीणबाईंनी एक दात परत पाठवला, जरा गडद वाटतोय म्हणून. पंचवीस वर्षांत दुसऱ्यांदा. रविवारी चार वाजता बेल वाजली नाही. सव्वाचार झाले. तिनं गिटारचं ते बिनतारांचं, बिनमानेचं धड गॅलरीतून आत आणलं, खुर्चीत बसून मांडीवर घेतलं, आणि वाजवताना ठेवतात तसा उजवा हात वरून टाकला. कोपराच्या थोडं पुढचा भाग बरोबर चौकोनावर आला. तिनंच तसा साचा ठेवला होता, पाव बोटाचाही फरक नव्हता. हाताखाली काय आहे ते ठाऊक असताना तिनं वाट बघितली की आता हाताला ते परकं लागेल, चिकट लागेल, दुकानातलं लागेल. जागा तितकीच गुळगुळीत होती. हात तिच्यावर टेकला, सैल झाला, विसावला. हाताला अजून ते खरंच वाटत होतं. मग तिनं डोळे मिटले, बाबांना नुसतं एकदा हाक मारतानाचं ऐकावं म्हणून, तिच्या स्वतःच्या मुठीतले बाबा, दादा यायच्या आधीचे. निळा शर्ट आला. जिन्यावरची पावलं आली, दारापर्यंत आली. दारातून बाबा म्हणाले, चिमे, आणि आवाज दादाचा होता.